सेन, प्रफुल्लकुमार : रक्तवाहिन्यांविषयीचे संशोधन

(१९१५–८२). भारतीय शल्यचिकित्सक व मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील शस्त्रक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी भारतातील पहिले हृदय-प्रतिरोपण केले. रुग्ण काही तासच जगला, पण सेन यांचे नाव याच घटनेशी जोडले गेले. वस्तुतः रक्तवाहिन्यांच्या विकारांविषयीचे त्यांचे संशोधन अधिक टिकाऊ आहे.

हृद्‌रोहिण्या अरुंद झाल्यास हृद्‌स्नायूला रक्त अपुरे पडून छातीत शूल उठतो. पायातील नीलेचा तुकडा जोडून रक्ताला पर्यायी मार्ग देणारी शस्त्रक्रिया १९६७ नंतरच रुळू लागली. त्यापूर्वी सेन यांनी निराळा विचार केला. सापासारख्या सरीसृपांच्या हृद्‌स्नायूला बरेचसे रक्त निलयाच्या पोकळीतूनच थेट मिळते. त्या धर्तीवर त्यांनी कुत्र्यांच्या हृद्‌भित्तीत सुईने अनेक छिद्रे पाडली व निष्कर्ष १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे इतरांनी सुईऐवजी लेसर किरण वापरले. या पद्धतीस अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली.

छिद्रे उघडी राहतील, हे मूळ गृहीत मात्र टिकले नाही. ऊतकपरीक्षेत बहुतेक छिद्रे बुजलेली आढळली. तरीही कित्येक रुग्णांचा शूल कमी झाला होता. जखमेभोवती नव्या केशवाहिन्या फुटत असाव्यात, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. वेदनावाहक तंत्रिका नष्ट होणे हे दुसरे. उपचार झाल्याच्या समजुतीचाही त्यात वाटा असावा, अशी शंका पुढील चाचण्यांवरून घेतली गेली. वाद मिटलेला नाही. नव्या रक्तवाहिन्यांची वाढ हा स्वतंत्र अभ्यासविषय बनला तो मुख्यतः जूदा फोकमन यांनी १९७१ मध्ये अर्बुदांच्या वाढीशी तिचा संबंध जोडल्यावर.

महारोहिणीच्या शोथाविषयीचे सेन यांचे कार्य मात्र निर्विवाद आहे. जपानी नेत्रवैद्य ताकायासू यांनी १९०८ मध्ये नोंदलेल्या या रोगात तेथील रुग्णांच्या मनगटातील नाडी लोपलेली आढळे. भारतीय रुग्णांत छाती-उदरातील महारोहिणी व वृक्करोहिण्या अधिक ग्रासल्या जातात आणि रक्तदाब वाढतो. या मधल्या भागाच्या विकाराचे वर्णन सेन व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये केले; १०१ रुग्णांवरील त्यांचा प्रबंधग्रंथ १९७३ मध्ये निघाला. रुग्ण बहुधा तरुण स्त्रिया असतात. अशा वयात रक्तदाब फार वाढलेला आढळल्यास मांडीतील नाडी चाचपून पाहणे व पायातील रक्तदाब मोजणे अगत्याचे ठरते.