१५८ दिवसांची नोकरी

आमच्या स्टाफरूममध्ये पगाराच्या खालोखाल कशावर बोलणं होत असेल, तर ते सेवापुस्तिकेवर. कुणाची नोंद राहिली, कुणाची मान्यता उशिरा आली, कुणाची विनाअनुदानित तुकडीवरची आठ वर्षं कुठेच धरली नाहीत. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आम्हा लोकांना जुनी पेन्शन नाही, त्यामुळे हा विषय निघाला की कपातला चहा थंड होतो. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, तरी सॅचेल पेजबद्दल मी वाचत गेलो ते याच कारणाने.

पेज पिचर होता. पिचर म्हणजे आपल्याकडचा गोलंदाज म्हणा, फक्त टप्पा न पाडता चेंडू थेट फलंदाजाकडे फेकणारा. मधलं अंतर साठ फूट सहा इंच. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात, मोबील या बंदराच्या गावी १९०६ साली तो जन्मला. लहानपणी रेल्वे स्टेशनवर प्रवाशांच्या बॅगा उचलायचा, त्यावरून सॅचेल, म्हणजे हातातली पिशवी, हे नाव त्याला चिकटलं. बाराव्या वर्षी दुकानातल्या किरकोळ वस्तू चोरल्या म्हणून सुधारगृहात रवानगी झाली आणि तिथे पाच वर्षं काढावी लागली. चेंडू नीट फेकायला तो तिथेच शिकला. डावा पाय डोक्याच्या वर न्यायचा आणि मग हात सोडायचा, ही त्याची लकब तिथलीच.

१९२६ पासून तो व्यावसायिक खेळाडू झाला, पण मोठ्या लीगमध्ये नव्हे. तिथे कृष्णवर्णीयांना बंदी होती. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर निदान कोर्टात तरी दाखवता आला असता! त्यामुळे कृष्णवर्णीयांच्या लीग वेगळ्या होत्या आणि पेज तिथला सगळ्यात मोठा तारा होता. बर्मिंगहॅम, पिट्सबर्ग, कॅन्सस सिटी अशा संघांकडून तो खेळला. १९३७ मध्ये तर डॉमिनिकन प्रजासत्ताकात, हुकूमशहा त्रुहियोच्या नावाच्या संघासाठीही त्याने चेंडू फेकले. हंगाम संपला की गावोगाव फिरून सामने खेळायचे. ज्या गावात लोक तिकीट काढून त्याला बघायला यायचे, त्याच गावात अनेकदा त्याला हॉटेलची खोली मिळत नसे.

१९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने मोठ्या लीगचं दार उघडलं. पुढच्या वर्षी ७ जुलैला, आपल्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, पेजने क्लीव्हलँड संघाशी करार केला. लोक म्हणाले, मालकाने तमाशा लावलाय. पेजने सहा सामने जिंकले आणि एक हरला. ऑगस्टमधल्या एका रात्रीच्या सामन्याला ७८,३८२ प्रेक्षक आले आणि त्या वर्षीची विश्वमालिका क्लीव्हलँडने जिंकली. त्याचा एक खास चेंडू होता : हात फिरवता फिरवता मध्येच क्षणभर थांबायचं, फलंदाज बॅट फिरवून बसला की मग सोडायचा. लीगच्या अध्यक्षांनी तो बेकायदा ठरवला. मला वाचताना हसू आलं. उमेदीत खेळू दिलं नाही आणि उतारवयात खेळला तर म्हणे हात थांबवू नकोस.

१९५३ नंतर मोठ्या लीगने त्याला ठेवलं नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये कॅन्सस सिटीच्या मालकाने एका सामन्यापुरतं बोलावलं, आणि मैदानाकडेला झुलती खुर्ची नि सोबत एक नर्स ठेवली. ५९ वर्षांच्या माणसाची गंमतच करायची होती. त्याने तीन डाव टाकले, एकच फटका बसू दिला आणि एकही धाव दिली नाही.

१९६८ मध्ये त्याने पेन्शनचा हिशेब काढला. मोठ्या लीगचे १५८ दिवस कमी पडत होते. चाळीस वर्षं चेंडू फेकलेल्या माणसाला १५८ दिवस कमी! आधीची वीसेक वर्षं धरायचीच नव्हती, कारण ती 'त्यांच्या' लीगमधली. त्याने मोठ्या लीगच्या संघांकडे काम मागितलं. अटलांटा ब्रेव्हजचे मालक बिल बार्थोलोमे तेवढे हो म्हणाले. नाव खेळाडूंच्या यादीत, काम तरुण पिचरना शिकवण्याचं. त्याच संघात त्याच्याच गावचा हँक आरन होता. पेज १९६९ पर्यंत तिथे राहिला, दिवस भरले.

बार्थोलोमे यांच्या चांगुलपणाबद्दल शंका नाही. पण मला खटकतं ते हे की, ज्याच्याकडून तरुणांनी खरंच शिकावं, अशा माणसाला प्रशिक्षकाची जागा मिळाली ती दिवस भरून काढण्यासाठी. १९७१ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हाही आधी कृष्णवर्णीय लीगच्या खेळाडूंसाठी वेगळं दालन ठरलं होतं. ओरड झाल्यावर ते बदललं. १९८२ मध्ये तो वारला. त्या लीग 'मोठ्या' होत्या हे बेसबॉलने मान्य केलं डिसेंबर २०२० मध्ये, आणि २०२४ मध्ये तिथले आकडे अधिकृत नोंदीत घेतले.

हे सगळं मी मधल्या सुट्टीत सांगितलं. आठ वर्षं बुडालेले आमचे सर डबा बंद करत म्हणाले, "पण पेन्शनला धरलं कुठल्या तारखेपासून?"

मी म्हटलं, "४८ च्या जुलैपासून."

"हं," म्हणाले, आणि तासाला गेले.