तण किती उपटायचं, हे कोण ठरवणार?

समजा, तुमच्या गावाजवळच्या टेकडीवर घाणेरी माजलीय. रविवारी वीस-पंचवीस जण कोयते, टिकाव घेऊन जाता आणि दुपारपर्यंत अख्खा उतार मोकळा करता. फोटो मस्त येतात. पण पुढच्या पावसाळ्यानंतर तिथे काय दिसतं? बऱ्याचदा पुन्हा घाणेरीच!

असंच काहीसं १९६०च्या दशकात सिडनीतल्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींच्या लक्षात आलं. त्या मॉसमन भागात राहायच्या आणि जवळच्या ॲश्टन पार्कमधल्या रानात फिरायला जायच्या. तिथेही लँटाना, म्हणजे आपली घाणेरीच, शिरली होती. मूळची अमेरिका खंडातली ही झुडपं तिकडेही बाहेरूनच आलेली. सरसकट छाटणी केली की तण आणखी जोमाने परत येतं, हे त्यांनी पाहिलं.

असं का होतं? माती उकरली, ऊन पोचलं की आधी उगवतं ते वेगाने वाढणारं तण. स्थानिक रोपं सावकाश वाढतात, त्यामुळे मागे पडतात.

मग दोघींनी हाताने तण काढायला सुरुवात केली आणि अनुभवातून तीन नियम बांधले. एक, जिथे रान अजून चांगलं आहे तिथून सुरुवात करून खराब भागाकडे जायचं. दोन, माती कमीत कमी हलवायची आणि पालापाचोळा परत पसरायचा. तीन, मोकळ्या केलेल्या जागेत स्थानिक रोपं उभी राहीपर्यंत पुढे सरकायचं नाही.

तिसरा नियम सगळ्यात अवघड आहे बरं का! कामाचा वेग माणसांनी नाही, रानाने ठरवायचा. १९७१मध्ये ही पद्धत पुस्तिकेत आली, पुढे न्यू साउथ वेल्सच्या नॅशनल ट्रस्टने ती वापरली. जोन १९८२मध्ये गेल्या. त्यांचं सविस्तर पुस्तक १९८८मध्ये निघालं.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. मातीत स्थानिक बियाच उरल्या नसतील तर नुसती वाट पाहून उपयोग नाही, लागवड करावी लागते. काही ऑस्ट्रेलियन बिया तर आग किंवा धूर मिळाल्याशिवाय नीट उगवत नाहीत, म्हणून तिथे नंतर नियंत्रित जाळही वापरला गेला.

म्हणून पुढच्या श्रमदानाआधी एक करा. किती जागा साफ करायची हे ठरवण्यापूर्वी, मागच्या वर्षी साफ केलेल्या जागेत काय उगवलंय ते खाली वाकून बघा. तिथे पुन्हा घाणेरीच असेल, तर नवा उतार राहू द्या. आधी तेवढीच जागा सांभाळा.