ऐकणाऱ्यांची वही

गळिताचा हंगाम सुरू असताना रात्रीच्या वेळी कधी कोल्हापूर-गारगोटी रस्त्याने बिद्रीवरून गेलात, तर गाडीची काच जरा खाली घ्या. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्यासमोर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं सुरू असतं. एकावर लावणी, मागच्यावर भक्तिगीत, त्याच्या मागे जुनं हिंदी गाणं. नंबर लागायला वेळ असतो. मग एखादा ड्रायव्हर खाली उतरतो, पुढच्याला विचारतो, "भावा, हे कुठलं रं गाणं? मला दे की." पूर्वी अशा वेळी कॅसेट हातात पडायची, मग पेन ड्राइव्ह आला, आता मोबाइलवरून गाणं पाठवलं जातं.

"सध्या काय ऐकताय?" हा प्रश्न मोठ्या शहरातल्या रसिकांनीच एकमेकांना विचारायचा, असा आपला समज असतो. पण आमच्या भागात हा प्रश्न निदान शंभर वर्षं विचारला जातो आहे. गाणाऱ्यांचा इतिहास आपल्याकडे बऱ्यापैकी लिहिला गेला, ऐकणाऱ्यांचा मात्र राहून गेला. म्हणून आज थोडं त्याविषयी.

सुरुवात कोल्हापुरापासूनच करायला हवी. १८९५च्या सुमारास उस्ताद अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारी आले आणि शाहू महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९२२पर्यंत, इथेच राहिले. जयपूर-अत्रौली घराण्याची अवघड, पेचदार गायकी या मातीत रुजली ती त्यांच्यामुळे. १८८३पासून चालत आलेल्या गायन समाज देवल क्लबात गाणाऱ्यांइतकाच ऐकणाऱ्यांचाही दबदबा होता. पण तेव्हा गाणं ऐकायचं तर तिथं हजर असणं भाग होतं. बैठक संपली की उरायची ती फक्त आठवण, आणि दुसऱ्या दिवशीची चर्चा.

मग तबकडी आली. नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्याला गौहरजानचा आवाज मुद्रित झाला. गाण्याच्या शेवटी ती स्वतःचं नाव इंग्रजीत सांगते, हे अनेकांनी ऐकलं असेल. त्यामागचं कारण साधं होतं. मूळ मुद्रण तबकड्या काढण्यासाठी जर्मनीला जायचं आणि तिथल्या कारागिरांना कोणतं गाणं कुणाचं हे त्यावरून कळायचं. १९०८ साली कलकत्त्यातच तबकड्यांचा कारखाना निघाला आणि फोनो वाड्यावाड्यांत पोचला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. दोन तासांचा राग त्यात बसवायचा म्हणजे चोळीच्या खणात लुगडं बसवण्यातला प्रकार.

कोल्हापुरापासून पन्नासेक किलोमीटरवर मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ राहत होते. त्यांनी तबकड्या दिल्या. अल्लादिया खाँसाहेबांच्या आवाजाची तबकडी मात्र आज कुठंही मिळत नाही. एकाच काळातले, शेजारच्या संस्थानांतले हे दोन थोर गायक. एकाचा आवाज आजही आपण ऐकू शकतो. दुसऱ्याचा अंदाज शिष्यांच्या गाण्यावरून बांधावा लागतो.

याचा परिणाम किती दूरवर जातो पाहा. गदगच्या एका दुकानात अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी वाजत होती. ती एका शाळकरी पोराच्या कानावर पडली आणि त्याला वेड लागलं. पुढं १९३३ साली अकराव्या वर्षी त्यानं गुरूच्या शोधात घर सोडलं. त्या पोराचं नाव भीमसेन जोशी. दुकानदारानं गिऱ्हाइकासाठी लावलेली ती तबकडी. आपण काय ऐकतो ते चारचौघांत लावल्यानं एवढं होऊ शकतं.

आणि अल्लादिया खाँ? त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवी १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत निवडली गेली. बाखच्या, बीथोव्हेनच्या रचनांबरोबर ती साडेतीन मिनिटं अंतराळात गेली. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ज्या गुरूचा आवाज पृथ्वीवर उरला नाही, त्याची तालीम आज सूर्यमालेच्या वेशीपलीकडं पोचली आहे. माणसानं विश्वाला "आम्ही हे ऐकतो" असं कळवलं, त्यात थोडं कोल्हापूरही आहे.

खेड्यात मात्र फोनो हा बड्यांच्या घरचा. सामान्य माणसाला तबकडी ऐकू यायची ती लग्नात नाहीतर जत्रेत, झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून. कर्णेवाल्याजवळ पत्र्याच्या पेटीत असतील तेवढ्याच तबकड्या. त्यातली कुठली पुन्हा लावायची यावरून पोरांची भांडणं व्हायची. खरी क्रांती केली ती रेडिओनं.

१९५२ साली माहिती आणि नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकरांकडे आलं आणि आकाशवाणीवरून हिंदी सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काटा सरळ सिलोनकडं वळवला. त्याच वर्षी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज शॉर्टवेव्हच्या खरखरीतून दर बुधवारी रात्री घरोघरी आला. गाणी कुठल्या पायदानावर आहेत हे ठरवताना तबकड्यांच्या खपाबरोबर गावोगावच्या श्रोता संघांची पत्रंही विचारात घेतली जात. म्हणजे ऐकणाऱ्याला मत आलं. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीनं 'विविध भारती' सुरू केली.

मराठीत तर याआधीच एक नवल घडलं होतं. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. बाबूजी तर कोल्हापूरचेच, २५ जुलै १९१९चा जन्म. दर आठवड्याला एक नवं गीत, असं वर्षभर चाललं. त्या वर्षी अधिक महिना आल्यानं गीतं छप्पन्न झाली. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकायला बसत. नव्या गाण्याची वाट सगळा महाराष्ट्र एकदम पाहतो आहे, असं पुन्हा क्वचितच झालं असेल.

१९६३ साली सांगलीला आकाशवाणी केंद्र आलं आणि आमच्या भागाला जवळचा आवाज मिळाला. ट्रान्झिस्टर स्वस्त झाले. 'आपली आवड'साठी पोस्टकार्डं लिहिणं हा पोरांचा उद्योगच झाला. आमच्याकडं कारखान्याच्या फाट्यावर चहाचं एक हॉटेल होतं. कार्यक्रमाच्या वेळी तिथं गर्दी व्हायची. गाणं बहुतेकांना पाठ असायचं. कान असायचे नावांकडं. "तात्या, आमचं आलं काय वो?" असं उशिरा आलेला विचारायचा आणि तात्या स्टोव्हला पंप मारता मारता मान हलवायचे. एकदा निवेदिकेनं "बिद्री, तालुका कागल" असं म्हटलं आणि सगळ्या हॉटेलला फुकट चहा मिळाला. फौजेत गेलेली आमची पोरं 'जयमाला'ला पत्रं टाकायची. त्यांच्या आया रोज संध्याकाळी रेडिओजवळ बसून असायच्या. हिंदी नीट कळायचं नाही, पण लेकाचं नाव कळायचं.

माझे वडील या सगळ्याची नोंद ठेवत. दोनशे पानी वही, डाव्या बाजूला तारीख आणि केंद्र, उजवीकडं गाणं, गायक, संगीतकार. शेवटच्या रकान्यात एखादाच शब्द: 'बरं', 'पुन्हा ऐकणे', 'आईला आवडलं'. एका पावसाळ्यात पत्र्यातून गळती लागली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवलेल्या त्या वहीचा लगदा झाला. तेव्हा आम्हा भावंडांना फारसं काही वाटलं नाही. गाणी काय, कुठंही मिळतात. आज वाटतं, गाणी सगळी मिळाली. 'आईला आवडलं' तेवढं गेलं. आजीला कुठलं गाणं आवडायचं हे आता आमच्यातल्या कुणालाही सांगता येत नाही.

त्यानंतर कॅसेट आली. ऐंशीच्या दशकात गावच्या माणसाला पहिल्यांदा स्वतःची निवड हातात धरता आली. कागदावर गाण्यांची यादी करायची, दुकानदाराला द्यायची आणि साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणायची. कुणी दिलेली भरलेली कॅसेट म्हणजे त्याची ओळखच. बहिणीच्या सासरी पाठवलेल्या कॅसेटमध्ये गाण्यांच्या शेवटी घरच्यांचा आवाजही भरलेला असे.

जुन्या तबकड्या जपणारी माणसं आपल्याकडं आहेत. १९९० साली मुंबईत सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन केली. तबकडीवरचा आवाज, क्रमांक, साल यांची नोंद झाली, हे मोठंच काम. पण ती तबकडी कुणी घेतली, कुणाबरोबर ऐकली, का आवडली, हे तबकडीवर लिहिलेलं नसतं. पोस्टकार्डं रद्दीत गेली. निवेदकानं वाचलेली नावं हवेत विरली.

आज मोबाइलमध्ये सगळ्या जगाचं संगीत आहे. यंत्र आपली आवड मोजतं आणि वर्षाअखेर आपल्यालाच सांगतं. तो हिशेब कंपनीकडं राहतो, आपल्या घरात नाही. म्हणून एक विनंती आहे. घरात कुणी सत्तरीपुढचं असेल, तर आज दुपारी त्यांच्याजवळ बसा. "तुम्ही काय ऐकत होता?" एवढंच विचारा. ते सांगतील ती गाणी लावा आणि एका वहीत लिहून ठेवा. शेवटचा रकाना मोकळा सोडू नका. आणि ती वही पत्र्याखाली ठेवू नका.