आकडेशास्त्र आणि स्त्रिया

हल्ली ज्या विद्येस 'डेटा सायन्स' म्हणतात, तिचे नाव नवे असले तरी काम जुने आहे. पुष्कळशी माहिती गोळा करावयाची, ती कोष्टकांत मांडावयाची, त्यातून नियम शोधावयाचा आणि त्यावरून पुढील निर्णय घ्यावयाचा, हे तिचे स्वरूप. कोष्टके पूर्वी माणसे करीत, आता यंत्र करते. आपल्या ज्ञातीत मात्र हे क्षेत्र मुलांचे, असा समज दृढ आहे. मुलीस गणितात उत्तम गुण असले तरी तिने शिक्षिका व्हावे, फार तर बँकेची परीक्षा द्यावी, असे घरची मंडळी ठरवून टाकतात. मी स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेला शिक्षक. परंतु या समजास इतिहासाचा आधार नाही, एवढे सुज्ञ वाचकांपुढे मांडण्यास तेवढे शिक्षण पुरे आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचे नाव आपण परिचारिका म्हणून ऐकतो. तिची दुसरी ओळख फारशी कोणी सांगत नाही. इ. स. १८२० मध्ये जन्मलेल्या या मुलीने गणित शिकण्याचा हट्ट धरला, तेव्हा तिच्या आईने विरोध केला. मुलीच्या जातीस गणिताचा उपयोग काय, अशी घरची वृत्ती. (ही वृत्ती आपल्याकडे अद्याप गेलेली नाही, हे वेगळे सांगावयास नकोच.) अखेर तिला शिकावयास मिळाले. क्रिमियाच्या युद्धात, इ. स. १८५४ पासून, तिने इस्पितळात सैनिक मरताना पाहिले आणि प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवण्याचा आग्रह धरला. परत आल्यावर १८५८ साली तिने एक आकृती प्रसिद्ध केली. वर्तुळास बारा पाकळ्या, प्रत्येक पाकळी एका महिन्याची. निळा भाग टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेल्यांचा, तांबडा जखमांनी मेलेल्यांचा, काळा इतर कारणांचा. पाहणाऱ्यास एका दृष्टिक्षेपात कळे की, शत्रूच्या गोळ्यांपेक्षा घाणीने कितीतरी अधिक माणसे मारली. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने तिला सभासद करून घेतले. त्या मंडळाची ती पहिली स्त्री सभासद होय.

हिंदुस्थानात ती कधी आली नाही, तथापि येथील लष्करी छावण्यांना तिने प्रश्नपत्रके पाठवून पाणी, गटारे, बराकी यांची माहिती मागविली. इ. स. १८६३ च्या अहवालानुसार येथील गोऱ्या सैन्यात दरसाल हजारी ६९ माणसे मरत. स्वच्छतेच्या सुधारणांनंतर हे प्रमाण हजारी १८ वर आल्याचे तिने १८७४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत नमूद केले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. माझ्या मते, विदाशास्त्राचा याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही.

अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेची हकीकतही अशीच बोधप्रद आहे. त्या काळी 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्रासाठी नव्हे, तर हिशेब करणाऱ्या माणसासाठी वापरीत, आणि तेथील हे कॉम्प्युटर म्हणजे बहुतांशी स्त्रिया होत्या. विल्यमिना फ्लेमिंग ही नवऱ्याने टाकलेली बाई वेधशाळेच्या संचालकांच्या घरी मोलकरीण होती. तिने हजारो ताऱ्यांची वर्गवारी केली. हेन्रिएटा लेव्हिट हिने १९१२ साली २५ ताऱ्यांची नोंद तपासून त्यांच्या तेजाचा आणि स्पंदनकाळाचा संबंध दाखविला. दूरच्या दीर्घिकांची अंतरे पुढे त्याच नियमाने मोजली गेली. या स्त्रियांपैकी पुष्कळींची मजुरी तासाला २५ सेंट इतकी अल्प होती. स्वस्तात मिळतात म्हणून त्यांना घेतले, हे सत्य लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

पुढे १९४६ साली फिलाडेल्फियात 'एनिॲक' हे विजेवर चालणारे गणकयंत्र जगापुढे आले. त्यास काम कसे करावयाचे ते लावून देणाऱ्या सहा स्त्रिया होत्या : के मॅकनल्टी, बेट्टी जेनिंग्ज, बेट्टी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिख्टरमन. यंत्राचा गौरव झाला. या सहाजणी अनेक दशके अज्ञात राहिल्या. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास संगणकशास्त्राच्या पदवीधरांत शेकडा ३७ स्त्रिया होत्या. नंतर हे प्रमाण शेकडा २० च्याही खाली घसरले. घरगुती संगणक आले ते मुलांची वस्तू म्हणून विकले गेले, असे एक कारण अभ्यासक सांगतात. म्हणजे काम कमी पैशाचे होते तोवर स्त्रियांचे, आणि त्यास प्रतिष्ठा येताच पुरुषांचे! बुद्धीचा प्रश्न यात कोठेच नव्हता.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण घ्यावयाचे तर इरावतीबाई कर्वे यांचे घ्यावे. जर्मनीत त्यांचे मार्गदर्शक युगेन फिशर यांची अपेक्षा अशी की, कवट्यांच्या मापांवरून गोऱ्या वंशाचे श्रेष्ठत्व दिसावे. इरावतीबाईंनी मापे घेतली, हिशेब केला आणि तसे काही दिसत नाही, असे आपल्या प्रबंधात लिहिले. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध, केवळ आकड्यांच्या बळावर उभे राहणे हे धैर्याचे काम होते. ज्ञातीच्या संमेलनात तर या प्रसंगाचा उच्चार अगत्याने व्हावा, कारण उच्चनीचतेच्या कल्पना मोजपट्टीपुढे किती टिकतात, ते त्यातून समजते.

आता आपल्या घराकडे वळू. वधूवर सूचींतून मुलाकडील अपेक्षा वाचाव्यात : मुलगी शिकलेली हवी, नोकरी करणारी चालेल, पण लांब जाणारी नको. आईबाप ती वाचतात आणि बारावीनंतरच जवळचे महाविद्यालय पाहतात. तेथे संख्याशास्त्र शिकवितात की नाही, हा विचार मागाहून होतो. मद्रास आय. आय. टी.ने २०२० साली घरी बसून शिकता येईल असा विदाशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू केला, ही सोय चांगली आहे. तथापि मुलीस घरातच ठेवण्यास ती एक नवी सबब होऊ नये.

शिष्यवृत्ती समितीच्या सभासदांस माझी विनंती आहे. आपण शुल्काचे पैसे देतो. मुलीचे पाऊल मात्र पुष्कळदा शुल्कापाशी नव्हे, तर वसतिगृहाच्या खर्चापाशी आणि परगावी ओळखीचे कोणी नाही या भीतीपाशी अडते. पुणे-मुंबईस स्थायिक झालेल्या ज्ञातिकुटुंबांनी अशा मुलींचे स्थानिक पालकत्व स्वीकारण्यास आपली नावे समितीकडे कळवावीत, आणि ती यादी पुढील वर्षाच्या स्मरणिकेत वधूवर सूचीच्या आधी छापावी.