अजिंठ्याच्या भिंतीवरचं जहाज आणि आमची दोरी



आज वरणगावात बसून आपण समुद्रातल्या जहाजाची गोष्ट ऐकणार आहोत. तुम्ही म्हणाल, "ताई, आपल्याकडे समुद्र कुठला? आपल्याकडे तापी, हतनूरचं धरण, अन् फार तर शेततळं." आमच्या गटातल्या बायकाही हेच म्हणाल्या होत्या. तरीसुद्धा आम्ही चार महिने खपून एक लाकडी जहाज बांधलं. लांबी ७० सेंटिमीटर, रुंदी २३ सेंटिमीटर. म्हणजे जेमतेम एका परातीपेक्षा लांब. पण त्याच्यामागची हकिकत दीड हजार वर्षांची आहे.

झालं असं, की गेल्या हिवाळ्यात आमच्या गटाची सहल अजिंठ्याला गेली होती. जळगावपासून अजिंठा फार लांब नाही, तरी आमच्यातल्या निम्म्या बायकांनी लेणी पहिल्यांदाच पाहिली. लेणी क्रमांक २ मध्ये उजव्या बाजूच्या भिंतीशी आम्ही उभ्या होतो. आत उजेड कमी, रंग जागोजागी उडालेला. आमच्यासोबत आलेली आठवीतली एक मुलगी एकदम म्हणाली, "हे तर जहाज आहे! इथे डोंगरात जहाज कसं?"

खरंच जहाज होतं. तीन डोलकाठ्या, त्यांवर उंच आणि अरुंद शिडं. पुढच्या टोकावर रंगवलेला डोळा, जणू जहाजाला वाट दिसावी म्हणून. मागच्या बाजूला सुकाणूसाठी मोठं वल्हं, आणि तिथेच ओळीनं मांडलेले रांजण. रांजण पाहून आम्हाला हसू आलं. समुद्रात चहूकडे पाणी, पण पिण्याचं पाणी घरूनच भरून न्यायचं! पाण्याची ती काळजी आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

या चित्रात पूर्णाची गोष्ट आहे. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आपल्या वसईजवळच्या नालासोपाऱ्याचा. बाप श्रीमंत व्यापारी, आई त्या घरची दासी. बाप गेल्यावर वाटण्या झाल्या, तेव्हा दासीचा मुलगा म्हणून भावांनी त्याला वाटा दिला नाही. पुढे तो स्वतःच्या हिमतीवर व्यापारी झाला, समुद्रावर गेला आणि शेवटी सगळं सोडून बुद्धाचा भिक्षू झाला. त्याचा एक भाऊ चंदन आणायला गेला असता जहाज वादळात सापडलं, तेव्हा त्यानं धावा केला तो याच पूर्णाचा. पूर्णानं जहाज वाचवलं. वाट्यातून काढलेला भाऊच शेवटी कामी आला, ही गोष्ट आपल्या गावातही घडते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. डोंगरात जहाज कसं? अजिंठ्याची ही लेणी पाचव्या शतकातली, वाकाटक राजांच्या काळातली. त्या काळी किनाऱ्यावरच्या बंदरांतून व्यापाराच्या वाटा घाट चढून आपल्या भागात येत होत्या. माल यायचा, माणसं यायची, त्यांच्याबरोबर समुद्राच्या गोष्टी यायच्या. शिवाय लेण्यांच्या पायथ्याशी वाहणारी वाघूर नदी पुढे तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्राला. पाण्याच्या वाटेनं पाहिलं तर अजिंठाही समुद्राशी जोडलेला आहे, आणि आपण तर तापीच्याच काठच्या.

पण मैत्रिणींनो, भिंतीवरचं चित्र टिकतंच असं नाही. १८१९ साली इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ शिकारीला आला असता त्याला ही लेणी दिसली आणि बाहेरच्या जगाला अजिंठा कळला. १८४४ पासून रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं वर्षानुवर्षं तिथे राहून चित्रांच्या मोठमोठ्या नकला काढल्या. त्या लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८६६ साली तिथल्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर आपल्या भुसावळात आहे. बाजाराला, दवाखान्याला आपण शंभरदा भुसावळला जातो, पण हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. नंतर मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. एवढं होऊनही मूळ भिंतीवर ते जहाज उरलं, हे आपलं नशीब.

आणि त्याच चित्रावरून आपल्या काळात खरं जहाज बांधलं गेलं. त्याचं नाव 'कौंडिण्य'. २०२३ साली केंद्राचं सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांच्यात करार झाला. अडचण अशी होती, की त्या काळच्या जहाजाचा नकाशा कुठेच शिल्लक नाही. लांबी किती, पोट किती खोल, काहीच लिहिलेलं नाही. हातात फक्त चित्र. चित्रावरून अंदाज बांधायचा, जुन्या लिखाणाशी ताडून पाहायचा आणि मग लाकूड कापायचं. पाण्यात हे जहाज कसं वागेल ते तपासायला चेन्नईच्या आयआयटी मद्रासची मदत घेतली. तिथे जहाजाची छोटी प्रतिकृती करून चाचण्या झाल्या. म्हणजे मोठ्या जहाजाच्या आधी लहान जहाज! ब्लाऊजचं नवं माप असलं की आपण आधी जुन्या कापडावर बेतून पाहतो, तसंच.

या जहाजाची खरी गंमत पुढे आहे. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत. त्या शिवलेल्या आहेत. होय, शिवलेल्या! केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली हे काम झालं. फळ्यांच्या कडांना भोकं पाडायची, दोन फळ्यांच्या सांध्यावर नारळाच्या काथ्याची वळी दाबून ठेवायची, आणि काथ्याच्या दोरीनं टाका घालत, आवळत पुढे जायचं. मग भोकं बुजवायची आणि झाडाची राळ, माशाचं तेल लावायचं. अशा बांधणीत आधी फळ्यांचं कवच शिवतात, आतल्या फासळ्या नंतर बसवतात. हिंदी महासागरात शेकडो वर्षं अशी जहाजं चालत होती. तेराव्या शतकात मार्को पोलोनं होर्मुझ बंदरात ती पाहिली आणि लोखंडाचे खिळे नाहीत म्हणून नावं ठेवली. पण काथ्या खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही, आणि शिवलेलं जहाज लाटेच्या माराखाली थोडं लवतं. कडक वस्तू तुटते, लवणारी तग धरते.

कौंडिण्य फेब्रुवारी २०२५ मध्ये गोव्यात पाण्यात उतरलं. मे महिन्यात कारवारला ते नौदलात दाखल झालं. इंजिन नाही, चौकोनी शिडं, सुकाणूला वल्हं. डिसेंबर २०२५ च्या शेवटी ते पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये ओमानच्या मस्कतला पोचलं. कौंडिण्य हा जुन्या कथांमधला भारतीय दर्यावर्दी. तो आजच्या कंबोडियाकडे गेला आणि तिथल्या सोमा राणीशी त्याचं लग्न झालं, असं सांगतात.

ही माहिती आम्ही बैठकीत वाचून दाखवली. गोधड्या शिवणाऱ्या आमच्या एक आजी मांडी घालून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "माय वं, हे त गोधडीसारखंच हाये!" तिथूनच आमचं जहाज सुरू झालं.

सगळ्यांना ते पटलं नाही, हेही सांगायला हवं. एक ताई स्पष्ट म्हणाल्या, "पापडाची ऑर्डर अर्धी पडली आहे. जहाजानं पोट भरतं का?" त्यांचं चुकलं नव्हतं. मग असं ठरलं, की बचतीच्या पैशाला हात लावायचा नाही. ज्यांना करायचं त्यांनी रविवारी दुपारी यायचं आणि खर्च वर्गणीतून. सुतारदादांनी सागाच्या उरलेल्या तुकड्यांतून तीन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढून दिल्या. खरं जहाज १९.६ मीटर लांब आणि ६.५ मीटर रुंद आहे. आम्ही प्रमाण धरलं एकास अठ्ठावीस. म्हणजे खऱ्या जहाजाचे २८ सेंटिमीटर, आमचा १ सेंटिमीटर. हा हिशोब आठवीतल्या मुलींनी वहीत मांडला आणि आमच्यासारख्या बी.ए. झालेल्यांचा तपासलाही. त्यात आमच्याच दोन चुका निघाल्या.

पट्ट्या वाकवायच्या कशा? त्या आधी रात्रभर भिजत घातल्या. मग पातेल्यात पाणी उकळत ठेवलं आणि फुनके वाफवतो तशा पट्ट्या वाफेवर धरल्या. गरम असतानाच साच्यावर वाकवून बांधल्या. पहिल्या पाच तडकल्या. घाई केली की लाकूड ऐकत नाही. सहावी वाकली.

अडलं ते दोरीपाशी. बाजारातून नायलॉनचा धागा आणला. तो गुळगुळीत, गाठ सरकायची, टाका सैल पडायचा. सुती दोरा आवळला की तुटायचा. दोन रविवार वाया गेले. तिसऱ्या रविवारी आजी आल्या त्या पदरात अंबाडीचा वाख घेऊन. पूर्वी शेताच्या बांधाला अंबाडी असायची. भाजी खायची, बोंडांची चटणी करायची आणि उरलेले सोट पाण्यात कुजवून त्यांचा वाख काढायचा. बैलांचे कासरे, खाटेची दोरी, सगळं घरी व्हायचं. आजींनी वाखाचे दोन पेड घेतले, तळहाताला पाणी लावलं आणि मांडीवर वळत वळत सुतळीपेक्षा बारीक दोरी काढली. टाका आवळला, तो जागचा हलला नाही.

आम्ही विचारलं, "आजी, तुमच्या सुनेला येतं हे?" त्या म्हणाल्या, "कोनी इचारलंच नाई."

मैत्रिणींनो, तेव्हा आम्ही सगळ्या गप्प झालो. आम्ही बारा वर्षं एका गटात आहोत. हप्ते, व्याज, ठराव, सगळं लिहिलेलं आहे. आजींना दोरी वळता येते हे आमच्या एकाही वहीत नव्हतं. कौंडिण्य बांधता आलं ते दोन गोष्टींमुळे. पाचव्या शतकात कुणीतरी चित्र काढून ठेवलं म्हणून, आणि केरळात शिवायचा हात अजून जिवंत होता म्हणून. नुसत्या चित्रावरून टाका कसा आवळायचा ते कळलं नसतं. तो हात बापाकडून मुलाकडे, एकाकडून दुसऱ्याकडे आला. आपल्याकडे तो आजींपाशी येऊन थांबला होता.

मग पुढचे चार रविवार जहाज बाजूला आणि दोरी आधी. आठ जणी शिकायला बसल्या. मांड्या लाल झाल्या, तळहात सोलवटले. पाच जणींनी सोडून दिलं. तिघींची दोरी जमली, आणि खरं सांगायचं तर आजींसारखी एकसारखी अजून एकीचीच होते. ती म्हणजे पापडाच्या ऑर्डरवरून बोललेल्या ताई!

देवळातल्या नारळांच्या शेंड्या जमवून सांध्यांत भरल्या. शिडं जुन्या धोतराची. पुढच्या टोकावर डोळा मुलींनी काढला. मग मोठ्या टपात पाणी भरून जहाज सोडलं. अर्ध्या तासात तळाशी पाणी साचलं आणि ते एका बाजूला कलंडलं. मुलींचे चेहरे पडले. सुतारदादा म्हणाले, "काढू नका, भिजू द्या." दुसऱ्या दिवशी लाकूड आणि वाख दोन्ही फुगले, सांधे आपोआप घट्ट झाले. आतलं पाणी उपसून पाहिलं तर गळती जवळजवळ थांबलेली. तळात नदीतले चार गोटे ठेवले, तेव्हा जहाज सरळ उभं राहिलं. खऱ्या जहाजातही तळाला वजन ठेवतात ते याचसाठी.

आता ते जहाज आमच्या बैठकीच्या खोलीत कपाटावर आहे. त्याच्या शेजारी एक नवी वही आहे. गटातल्या प्रत्येक बाईला काय येतं ते आम्ही त्यात लिहितो. कुणाला बाळंतिणीची शेक-मालिश येते, कुणाला बियाणं राखेत जपून ठेवणं, कुणाला जात्याला टाकी लावणं. प्रत्येक नावापुढे एक रिकामी जागा ठेवली आहे: 'शिकणारी कोण?' बऱ्याच जागा अजून रिकाम्या आहेत. आजींच्या नावापुढे मात्र तीन नावं आहेत. या पावसाळ्यात त्या तिघींनी बांधावर अंबाडी पेरायचं ठरवलं आहे. विकतचा वाख मिळत नाही, आणि आजींकडचा संपत आला आहे.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की पाच मिनिटं काढा आणि सगळ्यांत वयस्कर बाईला विचारा, "तुम्हाला काय येतं, जे आम्हाला येत नाही?" विचारून झालं की शेजारी बसा. नुसतं लिहून घेऊ नका, हात चालवून पाहा.

आणि अजिंठ्याला गेलात तर लेणी क्रमांक २ मध्ये उजव्या भिंतीकडे नक्की पाहा. उजेड कमी असतो, थोडा वेळ थांबावं लागतं. मग आधी रांजण दिसतात, मागून शिडं, आणि शेवटी डोळा.