पडद्याच्या पुढची खुर्ची

मुंबई ते दुबई हे अंतर हवेतून साधारण १,९०० किलोमीटरचं. विमान तीन-सव्वातीन तासांत पोहोचतं. एवढ्याशा प्रवासासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजून बिझनेस क्लासचं तिकीट काढणारे नाशकात आता नवलाईचे राहिलेले नाहीत. द्राक्षाच्या हंगामात आखातातल्या व्यापाऱ्यांना भेटायला निघालेले निर्यातदार असतात, बांधकामवाले असतात, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर लेकीकडं निघालेले निवृत्त साहेबही असतात. मिळतं काय? रुंद खुर्ची, चढताना वेगळी रांग, बॅगेला ‘प्रायॉरिटी’चा टॅग, चिमट्यानं पुढं केलेला गरम ओला रुमाल, कागदी कपाऐवजी काचेचा ग्लास. विमान वर स्थिरावलं की एअर होस्टेस पुढच्या दोन-तीन ओळींमागं पडदा ओढून घेते. युरोपातल्या जवळच्या उड्डाणांत तर बऱ्याचदा खुर्चीसुद्धा मागच्यांसारखीच असते. तिघांतली मधली जागा रिकामी ठेवतात, तिकिटं खपतील तसा पडदा एखादी ओळ पुढंमागं सरकवतात, आणि झाला बिझनेस क्लास. विकायची खरी वस्तू पडदा आहे. तेव्हा मागोवा घ्यायचा तो त्याचाच.

हा पडदा विमानात जन्मलेला नाही, तो आगगाडीतून आला. फ्रान्समधला झ्यूल द्युप्युई हा इंजिनियर अर्थशास्त्रज्ञही होता. तिसऱ्या वर्गाचे डबे बिनछपराचे का ठेवतात, याची उकल त्यानं १८४९ सालीच करून ठेवली. छपराचा खर्च कंपनीला जड नव्हता. दुसऱ्या वर्गाचे पैसे ज्यांना परवडतात त्यांनी तिसऱ्यात बसू नये, म्हणून तिसऱ्या वर्गाचे हाल करायचे, असा तो हिशेब. गरिबाशी कंपनीचं वैर नव्हतं. तिला भीती होती चिकट श्रीमंताची. विमान कंपन्यांचं दरपत्रक वाचताना मला हा माणूस हमखास आठवतो.

आपल्याकडं १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी धावली आणि १८६५ मध्ये थळ घाटाचा मार्ग सुरू होऊन कसारा-इगतपुरी जोडली गेली, तेव्हा वर्गांची ही उतरंड विलायतेहून तयारच आली होती. शौचकूप आधी पहिल्या वर्गाला मिळाले, तिसऱ्याला बऱ्याच वर्षांनी. पाण्यावरही तेच. गोवा पोर्तुगीजांकडं होता तेव्हा मुंबई-पणजी आगबोट हाच आपल्या लोकांचा जवळचा परदेशप्रवास, आणि त्यातही अप्पर डेक वेगळा, लोअर डेक वेगळा.

वर्ग म्हणजे काय, हे सगळ्यात उघडपणे दिसतं ते डेक्कन क्वीनमध्ये. १ जून १९३० रोजी ही गाडी सुरू झाली तेव्हा तिला पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाच्या माणसाला तिच्यात जागाच नव्हती. १९४९ च्या पहिल्या दिवशी पहिला वर्ग रद्द झाला आणि दुसऱ्यालाच पहिला म्हणू लागले. तिसरा वर्ग आला १९५५ मध्ये. पुढं १९७४ मध्ये रेल्वेनं तिसरा वर्ग देशभर मोडीत काढला, म्हणजे त्याच डब्यांवरचा आकडा पुसून दुसरा लिहिला. बाकडी होती तिथंच राहिली.

विमानात उलटा क्रम दिसतो. ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं तेव्हा त्यात ३५ प्रवासी होते, आणि पडद्याची गरजच नव्हती. तिकीटच असं की मागं बसायला कोणी उरतच नसे. पडदा लागतो तो स्वस्त तिकीट आल्यावर. १९५२ मध्ये अटलांटिकवर टुरिस्ट क्लास आला, १९५८ मध्ये इकॉनॉमी. १९७० च्या दशकात मोठी जंबो विमानं भरायची म्हणून कंपन्यांनी सुट्टीवर जाणाऱ्यांना सवलतीची तिकिटं वाटायला सुरुवात केली, आणि खरी कुरबुर तिथं सुरू झाली. कामासाठी ऐनवेळी पूर्ण भाडं भरून निघालेला माणूस आणि महिनाभर आधी निम्म्यात तिकीट काढलेला पर्यटक मांडीला मांडी लावून बसू लागले. खुर्ची एक, जेवण एक, दाम दोन. केएलएमनं १९७६ मध्ये पूर्ण भाडेवाल्यांना वेगळं काढलं, पॅन अ‍ॅमनं १९७८ मध्ये ‘क्लिपर क्लास’ आणला, १९७९ मध्ये क्वांटासनं बिझनेस क्लास. आज आपण ज्याला ऐषाराम म्हणतो त्याची सुरुवात एका तक्रारीच्या निवारणातून झाली. रुंद खुर्ची मागाहून आली.

याच तीन-चार वर्षांत आपल्या रेल्वेत काय चाललं होतं, ते शेजारी ठेवून पाहण्याजोगं आहे. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. अहमदनगरचा, राजापूरनं निवडून दिलेला हा समाजवादी प्राध्यापक. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंच फोम बसवण्याचा निर्णय त्यांचा. आज स्लीपरमध्ये पाठ टेकवणाऱ्याला तो कोणाचा हे ठाऊकही नसतं. त्याच वर्षी डिसेंबरात हावडा-मुंबई गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. नागपूर, भुसावळ, नाशिकवरून जाणारी ही लांब पल्ल्याची गाडी वर्गविरहित होती. सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे. जगभरच्या विमान कंपन्या पडदा शिवत होत्या तेव्हा आपल्याकडचा एक मंत्री तो फाडत होता. टिकलं कोणाचं? गीतांजलीला पुढं एसीचे डबे जोडले गेले. फोम मात्र राहिला, आणि माझ्या मते दंडवत्यांचं मोठं काम तेच. पुढच्याची गादी काढून घेण्यापेक्षा मागच्याला गादी देणं जास्त टिकतं.

नाशिकनं या वंशावळीत आपली एक फांदी घातली आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या पंचवटी एक्स्प्रेसमध्ये मासिक पासधारकांसाठी राखीव वातानुकूलित डबा निघाला. त्याला ‘आदर्श कोच’ म्हणू लागले. तिथं पत्ते कुटायचे नाहीत, मोबाइलवर मोठ्यानं बोलायचं नाही, डबा घाण करायचा नाही. नियम प्रवाशांनीच स्वतःला घालून घेतलेले. सुटं तिकीट काढणाऱ्यापेक्षा पासवाल्याला फेरी स्वस्त पडते, तरी डबा त्याचा वेगळा. आतल्यांना याचा अभिमान आहे. पण उभ्यानं मुंबई गाठणाऱ्याला तो बाहेरून बंद दारासारखाच दिसत असणार, हेही खरं. पैशांऐवजी शिस्तीनं ओढलेला असला, तरी पडदाच तो.

हवेतही गीतांजलीचीच कथा पुन्हा घडली. २००५ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेस आखातासाठी निघाली ती सगळी इकॉनॉमी. २००६ मध्ये इंडिगो आली तीही एकाच वर्गाची. नंतर एक्स्प्रेसच्या काही विमानांत पुढं ८ ‘बिझ’ खुर्च्या आल्या, आणि इंडिगोनं नोव्हेंबर २०२४ पासून दिल्ली-मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’च्या १२ खुर्च्या आणल्या. विमानं स्वस्त तिकिटांनी भरली की पुढच्या ओळी परत वेगळ्या होतात.

नाशिककराच्या बाबतीत यातली गंमत वेगळीच. गरम रुमालाचं तिकीट खिशात असलं तरी द्वारका चौक ओलांडून पाथर्डी फाटा, घोटी, शहापूर, भिवंडी असा रस्ता त्याला काढावाच लागतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरीच्या पुढचा टप्पा खुला झाला, जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा झाला, कसारा घाट चुकवता येऊ लागला. तरी दार ते विमानतळ हा वेळ बऱ्याचदा मुंबई-दुबई उड्डाणाहून जास्तच. आणि नाशिकजवळच्या ओझरला मिग विमानांसाठी बांधलेली तीन किलोमीटरची धावपट्टी आहेच. २०१८ मध्ये तिच्यावरून मालवाहू विमानानं नाशिक-शारजा थेट प्रवास घडला, तो शेळ्या-मेंढ्यांचा. सगळ्या एकाच वर्गात.