आयन नावाचा मुसाफिर आणि त्याची सराई

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान हा माझा विषय नाही. पण शब्द कुठून आला हे शोधायची सवय असल्यामुळे अधूनमधून विज्ञानाच्या दारात जाऊन उभा राहतो. ‘इलेक्ट्रोड’ हा असाच एक शब्द. मराठी पाठ्यपुस्तकात त्याला विद्युत अग्र म्हणतात, उर्दूत बर्कीरा. बर्क म्हणजे वीज.

हा शब्द रूढ केला मायकेल फॅरेडे यांनी, १८३४ मध्ये. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून वाचायला लागलेला. ग्रीक-लॅटिन शिकायची संधी त्यांना मिळाली नव्हती. म्हणून नव्या शब्दांसाठी त्यांनी जाणकार मित्रांना विचारलं. केंब्रिजचे विल्यम ह्यूएल यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातून ॲनोड, कॅथोड आणि आयन हे शब्द पक्के झाले. ग्रीकमध्ये आयन म्हणजे जाणारा. आपल्या भाषेत मुसाफिर.

त्याच दशकात फॅरेडे यांनी आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली. लेड फ्लोराइड हा घन पदार्थ खूप तापवला की न वितळताच वीज वाहून नेतो. घन पदार्थाच्या आतून फ्लोराइडचे आयन चालत जातात, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. आज ‘फ्लोराइड-आयन बॅटरी’ म्हणून ज्याची चर्चा होते, त्याचं बी या नोंदीत आहे.

मुळात फ्लोरिन हे मूलद्रव्य हाती लागण्यासाठीच फार मोठी किंमत मोजावी लागली. त्याचं तेजाब काचही खातं. आयर्लंडमधले नॉक्स बंधू या प्रयोगांत विषबाधेने गंभीर आजारी पडले. ब्रसेल्सचे लुये आणि नान्सीचे निकलेस यांचे तर जीव गेले. अखेर १८८६ मध्ये पॅरिसला आंरी म्वासां यांनी फ्लोरिन वेगळं केलं. १९०६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं आणि पुढच्या फेब्रुवारीत ते वारले.

इतक्या जहाल मूलद्रव्याची बॅटरी कशाला, असा प्रश्न पडेल. इथे फ्लोरिन आणि फ्लोराइड यांतला फरक समजून घ्यायला हवा. फ्लोरिन इलेक्ट्रॉनसाठी हपापलेलं असतं. एक इलेक्ट्रॉन मिळाला की त्याचं फ्लोराइड होतं आणि ते शांत होतं. टूथपेस्टमध्ये असतं ते फ्लोराइड. अर्थात शांत म्हणजे निरुपद्रवी नव्हे. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या ज्या गावांत भूजलात ते प्रमाणाबाहेर आहे, तिथल्या लोकांचे दात आणि हाडं त्याची साक्ष देतात. बॅटरीसाठी मात्र हा आयन सोयीचा आहे. तो हलका आहे, त्याच्यावर एकच भार आहे आणि धातूशी त्याचं नातं घट्ट जुळतं. त्यामुळे थोड्या जागेत पुष्कळ ऊर्जा साठवता येईल, असं गणित सांगतं.

बॅटरीचं काम सोपं करून सांगायचं तर दोन सराया आणि मधला रस्ता. इलेक्ट्रोड या सराया, इलेक्ट्रोलाइट हा रस्ता. समजा एका बाजूला कॉपर फ्लोराइड आहे आणि दुसऱ्या बाजूला सिरियम धातू. बॅटरी वापरात असताना फ्लोराइड तांब्याला सोडून सिरियमकडे जातो. चार्ज करताना त्याला परत पाठवायचं. लिथियम बॅटरीतही मुसाफिर असतो, पण तो धन भाराचा. इथला ऋण भाराचा.

१९७० च्या दशकात अशा घन बॅटऱ्या बनवून पाहिल्या गेल्या. पण मुसाफिराला हवं तेव्हा नीट परत आणणं जमलं नाही. दरम्यान लिथियमने बाजी मारली. १९८० मध्ये गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोबाल्ट ऑक्साइडचा इलेक्ट्रोड दाखवला. १९९१ मध्ये सोनीने बॅटरी बाजारात आणली. २०१९ मध्ये गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना नोबेल मिळालं. लिथियमच्या यशाचं रहस्य सरायांमध्येच होतं. तिथे थरांच्या मधे मोकळ्या खोल्या असतात. पाहुणा येतो, राहतो, जातो. भिंती शाबूत राहतात.

फ्लोराइडचं तसं नाही. २०११ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे मुन्नंगी अंजी रेड्डी आणि मॅक्सिमिलियन फिश्टनर यांनी पुन्हा चार्ज होणारी फ्लोराइड बॅटरी दाखवली, तेव्हा जग या विषयाकडे वळलं. पण ती चालायची १५० अंश सेल्सियसला, आणि चार्ज-डिस्चार्जच्या प्रत्येक फेरीगणिक तिची क्षमता घटत होती. कारण इलेक्ट्रोडमध्ये होतं. तांब्याचं कॉपर फ्लोराइड झालं की त्याचं आकारमान तिपटीहून अधिक होतं. पाहुणा आला की घर फुगतं, गेला की आक्रसतं. काही फेऱ्यांत भिंतींना तडे जातात, कणांचा एकमेकांशी संपर्क तुटतो. शिवाय ही फ्लोराइडं इलेक्ट्रॉन नीट वाहून नेत नाहीत, म्हणून त्यांत कार्बन मिसळावा लागतो.

मग सराई सुधारण्याचे प्रयत्न सुरू झाले. २०१८ मध्ये होंडाची संशोधन संस्था, कॅलटेक आणि नासाची जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळा यांच्या चमूने द्रव इलेक्ट्रोलाइट वापरून घरगुती तापमानाला इलेक्ट्रोड चालवून दाखवला. नोबेल विजेते रॉबर्ट ग्रब्ज त्या चमूत होते. तांबं द्रवात विरघळू नये म्हणून त्यांनी तांब्याच्या कणावर लँथेनम फ्लोराइडचं पातळ कवच चढवलं. डार्मस्टॅटच्या संशोधकांनी दुसरी वाट धरली. त्यांनी लँथेनम, स्ट्रॉन्शियम, मँगेनीज यांचे थरांचे ऑक्साइड घेतले. लिथियमसारख्याच इथेही थरांमध्ये खोल्या आहेत. फ्लोराइड त्यात शिरला तरी आकारमान फारसं बदलत नाही. मात्र जागा मोजकीच, म्हणून साठवणही कमी. जास्त पाहुणे की टिकाऊ भिंती, हा सगळा झगडा आहे.

मला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे विज्ञान बातमीतून येतं. २०१८ च्या त्या संशोधनाची बातमी ‘आठपट चालणारी बॅटरी’ अशी फिरली. संशोधकांचं म्हणणं ‘आठपटीपर्यंत चालू शकेल’ असं होतं. ‘शकेल’ हे क्रियापद वाटेत गळून पडलं. भाषेच्या शिक्षकाला ते खटकणारच.

आणि प्रश्न फक्त मोबाइलचा नाही. जगातलं निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगोतून येतं आणि तिथल्या छोट्या खाणींत लहान मुलं राबतात, हे उघड झालेलं आहे. फ्लोरिन पृथ्वीच्या कवचात लिथियमपेक्षा कितीतरी मुबलक आहे. म्हणून या वाटेकडे आशेने पाहायला हवं. पण लँथेनम आणि सिरियमसाठी पुन्हा खाणीच खणाव्या लागतील, आणि त्या खाणींवर आज चीनचा वरचष्मा आहे, हेही विसरून चालणार नाही.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढंच सांगतो. नव्या बॅटरीची बातमी वाचलीत तर तीन गोष्टी शोधा : ती किती फेऱ्या टिकली, किती तापमानाला चालली, आणि इलेक्ट्रोड कशाचा होता. बातमीत ही उत्तरं नसतील तर ती पुढे पाठवण्याआधी थोडा सब्र करा.